तिरका कॅमेरा, सरळ ज्योत

नवरात्रात कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचा पायथा भाविकांनी फुलतो, तर दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड तरुणाईने. ठाण्यातील कौपिनेश्वर मंदिराशेजारच्या मासुंदा तलावात रात्री दिव्यांची प्रतिबिंबे थरथरतात. अशा ठिकाणी काही तरुण कॅमेरा तिरपा धरून, केवळ रस्त्यावरील दिव्यांच्या उजेडात छायाचित्रे टिपतात. ज्येष्ठांना हा पोरखेळ वाटतो; आम्हांस तसे वाटत नाही.

कोन बदलला की ओळखीची गल्लीही नवी दिसते, हे मॉस्कोच्या अलेक्झांडर रॉदचेंको यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले. शिवाय या कलेस संयम लागतो. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून त्याचा पडदा आठ-दहा सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या अवधीत लगबगीने जाणारी माणसे चित्रातून जवळजवळ पुसली जातात. हात जोडून निश्चल उभा असलेला भाविक मात्र स्पष्ट उमटतो. देवापुढे क्षणभर थांबावे, हे वडीलधारे सांगत आले. तेच हे यंत्रही सांगते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. फ्लॅशचा झोत टाळावा. त्यापुढे पणतीचा सोनेरी उजेड मावळतो आणि डोळे मिटलेल्या भक्ताचे ध्यान भंगते. दुसरे, तिरपेपणा रस्त्यापुरताच असावा. गाभाऱ्यासमोर अनुमती घेऊनच, आणि नम्रपणे सरळ उभे राहावे. पणती कलती ठेवली तरी ज्योत वरच जाते. छायाचित्रकाराची दृष्टीही तशीच असावी.