चूक कोणाची, वसुली कोणाकडून?

निवृत्त जवान वारला की त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सात वर्षे, किंवा पती हयात असता तर तो ६७ वर्षांचा होईपर्यंत, यांपैकी आधी संपेल त्या मुदतीपर्यंत दर वाढीव असतो. पुढे तो अखेरच्या वेतनाच्या ३० टक्क्यांवर येतो. ही तारीख निवृत्तिवेतनाच्या आदेशातच लिहिलेली असते. ती पाहून रक्कम कमी करणे हे पैसे देणाऱ्या बँकेचे काम होते. ते राहून गेले, आणि दहा-बारा वर्षांनी जाफराबाद किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या वृद्धेच्या नावावर लाखांचे ‘येणे’ निघते.

मुलाने पंचविशी ओलांडल्याचे घरच्यांनी दडवले असेल, तर वसुली रास्तच. पण जिने काहीच दडवले नाही, तिचे काय?

पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की, निवृत्तांकडून किंवा पाच वर्षांहून जुन्या जादा रकमांची अशी वसुली करता येणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये नागपूर खंडपीठाने भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतील एका निवृत्ताकडून चाललेली ३,६९,०३५ रुपयांची वसुली रद्द करून बँकेला ५० हजारांचा भुर्दंड बसवला. बँकेची चूक असल्यास तिने वसुलीची वाट न पाहता सरकारचे पैसे भरावेत, असे रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२१ मध्ये बजावले.

मग घोडे अडते कुठे? हमीपत्रावर. जादा रक्कम परत करीन, असे लिहून दिलेल्या हरयाणातील एका न्यायिक अधिकाऱ्याकडून वसुली करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मुभा दिली. बँका त्याचाच आधार घेतात. पण कायदा जाणणाऱ्या न्यायाधीशाची सही आणि कागदांच्या गठ्ठ्यात पुढे सरकवलेल्या छापील फॉर्मवरचा अंगठा, यांना एकाच मापाने मोजायचे काय? असे अंगठे कसे घेतले जातात, हे मी बँकेच्या टेबलामागे बसून पाहिले आहे.

म्हणून नोटीस येताच नव्या संमतिपत्रावर सही करू नये. महिनावार देय आणि दिलेल्या रकमेचा तक्ता, मूळ आदेशाची प्रत आणि ते हमीपत्र लेखी मागावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. न जमल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. मात्र जालन्याच्या खेड्यातून मुंबई गाठणे किती जणींना परवडेल? हक्क कागदावर आहे. तो बजावण्याचा खर्च मात्र चूक न करणाऱ्याच्याच माथी आहे. कपातीआधी सुनावणी सक्तीची केली, तरच हे ओझे योग्य खांद्यावर जाईल.