पऱ्हाटीची होळी

माघ सरत आला, म्हणजे नंदुरबारहून शहाद्याकडे किंवा तळोद्याकडे जाणाऱ्या वाटसरूस सायंकाळीं शेताशेतांतून धूर उठतांना दिसतो. कपाशीची शेवटची वेचणी झालेली असते, पऱ्हाट्या उपटून बांधाशीं रचलेल्या असतात, आणि धनी त्यांस काडी लावून मोकळा होतो. काठी गांवची राजवाडी होळी एका रात्रीची. शेतांतली ही होळी मात्र कित्येक आठवडे चालते. तिच्याविषयीं या अंकांत लिहावें असें आम्हांस वाटलें, कारण आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांचीं घरें शेतीवर किंवा शेतमजुरीवर उभीं आहेत, आणि त्या आगींत जें जळतें तें त्यांच्याच ताटांतलें आहे.

तापीकांठच्या काळ्या जमिनीची कीर्ति मोठी. बेसॉल्ट खडकापासून झालेली ही चिकण माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि ओल धरून ठेवण्यांत तिच्या तोडीची जमीन विरळा. या कीर्तीनेंच आपला घात केला आहे. काळी कधीं थकत नाहीं, अशा समजुतीनें आपण तिच्यांतून कापूस, ऊस, पपई, मिरची काढीत राहिलों, आणि परत काय दिलें? गोणींतला युरिया. त्यांत शेंकडा 46 नत्र असतें खरें. पण मातीस भुसभुशीत ठेवणारा, तिच्यांतील असंख्य सूक्ष्म जीवांस पोसणारा कुजका काडीकचरा त्यांत नसतो. सन 2015 मध्यें केंद्र सरकारनें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. ज्या पालकांकडे ती पत्रिका असेल त्यांनीं ती पेटींतून काढावी, व सेंद्रिय कर्बापुढचा आंकडा मुलाकडून वाचून घ्यावा. तो शेंकडा अर्ध्याहून कमी असल्यास त्या बाबतींत जमीन दरिद्री समजावी. उष्ण प्रदेशांत हा अंश झपाट्यानें झिजतो व दरसाल भरून काढावा लागतो; आणि भरून काढण्याचें साधनच आपण बांधावर पेटवितों.

ही कांहीं आमची नवी कल्पना नव्हे. सातपुडा व नर्मदा ओलांडली म्हणजे पलीकडे इंदूर लागतें. तेथें सन 1924 ते 1931 या काळांत आल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञानें यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह काडीकचऱ्यापासून खत करण्याची रीत बसविली. तेथील जमीनही आपल्यासारखीच काळी, व पीकही कापसाचेंच. पऱ्हाटी कठीण, ती लवकर कुजत नाहीं, ही अडचण त्यांसही आली. त्यांनीं काय केलें? पऱ्हाट्या शेतांतील गाडीवाटेवर पसरल्या, आणि बैलगाड्यांच्या चाकांखालीं त्यांचा चुरा होऊं दिला! मग तो चुरा, पालापाचोळा, शेण, गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती व थोडी राख यांचे थर रचून, पाणी शिंपून, तीन वेळां ढीग उलथला, कीं सुमारें तीन महिन्यांत खत तयार. चुरा तसाच जमिनींत गाडला तर कुजतांना तो पिकाच्या वाट्याचें नत्र ओढून घेतो. म्हणून आधीं ढिगांत कुजविणें बरें. ही इंदुरी रीत पुढें केनियांतील कॉफीच्या मळ्यांपर्यंत गेली. सातपुड्याच्या अलीकडे मात्र ती नीटशी उतरली नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. सन 2017 मध्यें गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांतील कापसाची धूळधाण केली, आणि ही अळी शेतांत राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून बसते, सबब पऱ्हाटी जाळलेली बरी, असें पुष्कळ जण म्हणतात. पऱ्हाटी शेतांत उभी ठेवूं नये, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु अळी राहते ती बोंडांत. तीं वेचून जाळावींत. त्यासाठीं सबंध झाड कशाला जाळावें?

दुसरा आक्षेप चुलीचा आहे, आणि तो आम्हांस खरोखर जड वाटतो. सन 2016 पासून उज्ज्वला योजनेंत पुष्कळ घरीं गॅसची शेगडी आली. पण टाकी पुन्हां भरावयाची म्हणजे पैसा हवा. मजुरीहून परततांना जिनें पऱ्हाटीचा भारा आणला नाहीं तर रात्रीं भाकरी होणार नाहीं, त्या माउलीस खताचें पुराण सांगावयास आम्ही धजत नाहीं. तिनें तो भारा खुशाल न्यावा. आमचें भांडण आहे तें ज्यांच्या एकरोगणतीच्या पऱ्हाट्या कोणाच्याही चुलींत न जातां बांधावर राख होतात त्यांच्याशीं. आमच्या वाचकांत असे कांहीं पालक आहेत. त्यांनीं राग मानूं नये. आमच्या शाळेच्या आवारांतील निंबाचा पालाही गेल्या वर्षापर्यंत झाडून पेटविला जात असे, तेव्हां दोषांत आम्हीही वांटेकरी आहोंत.

लूककृत शुभवर्तमानांतील निष्फळ अंजिराचा दृष्टांत विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. तीन वर्षें फळ नाहीं म्हणून धनी झाड तोडावयास सांगतो, आणि माळी एका वर्षाची मुदत मागतो. त्या मुदतींत तो काय करणार? भोंवतीं खणणार व खत घालणार. या दृष्टांताचा अर्थ पश्चात्तापाकडे लावतात तो योग्यच आहे. पण त्या माळ्यास शेतकी उत्तम येत होती, हेंही आमच्या नजरेंतून सुटत नाहीं.

उन्हाळ्यांत ढिगास पाणी कोठून आणावें, असें धडगांव-अक्कलकुव्याकडील मुलें विचारतील. त्यांनीं बोंडें वेचून पऱ्हाट्या वाटेवर टाकाव्या. बैलगाडी नसेल तर ट्रॅक्टरचें चाक तेंच काम करील. चुरा झांकून ठेवावा, आणि मृगाचा पाऊस लागला कीं ढीग उंच जागीं जमिनीवरच रचावा; पावसाळ्यांत खड्डा नको, पाणी तुंबतें. हरभऱ्याच्या पेरणीस खत हातीं येईल. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं असा ढीग होईल त्यांनीं तो केव्हां रचला, किती वेळां उलथला, किती गाड्या खत निघालें, हें लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावें. पुढील अंकांत आम्ही तें छापूं.