विसावा हिस्सा पगाराचा की वेळेचा?

चळवळीतल्या नोकरदार माणसाला आज एक पेच छळतो आहे. जास्त कमवावे आणि त्यातून समाजाला देणगी द्यावी, की पगार बेताचा ठेवून आपली संध्याकाळ चळवळीला द्यावी? ठाकूरद्वारच्या एखाद्या पेढीवर हिशेब लिहिणारा आपला बांधव घ्या. सातला सुटला तर चर्नी रोडला लोकल पकडून नऊपर्यंत नालासोपाऱ्याच्या वस्तीत पोचतो आणि बुद्धविहारात मुलांना तासभर गणित शिकवतो. मालक म्हणतो, रोज दहापर्यंत थांब, पाच हजार वाढवून देतो. त्याने काय करावे?

पाच हजार घे आणि त्यातले पाचशे विहाराला दे, असे सांगणारे आमच्यात पुष्कळ आहेत. 'पे बॅक टू सोसायटी' हे शब्द शिकलेल्या वर्गाने पाठ केले, पण त्यांचा अर्थ पावती फाडणे एवढाच उरला. १९७८ साली बामसेफ उभी करणाऱ्या कांशीरामजींनी कर्मचाऱ्यांकडे पैशाबरोबर बुद्धी आणि वेळही मागितला होता. त्यातला पैसा तेवढा आमच्या लक्षात राहिला, कारण द्यायला तोच सोपा.

पैशाला आम्ही कमी लेखत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात खुद्द बाबासाहेबांनीच मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले. पण त्यांनी स्वतःच्या आयुष्याचा हिशेब कसा मांडला तेही पाहा. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी मिळाली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पैसा साठवला आणि १९२० साली नोकरी सोडून लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला ते निघून गेले. परतल्यावर १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत त्यांनी शिकवले ते अर्धवेळ. वकिलीही चालू होती. पूर्ण पगाराची सरकारी खुर्ची अशा विद्वानाला अवघड नव्हती. ती घेतली असती तर बहिष्कृत हितकारिणी सभा कोणी चालवली असती? 'बहिष्कृत भारत'चे चोवीस-चोवीस रकाने एकहाती कोणी भरले असते? पत्राचे हे ऋण लौकिक ऋण नव्हे काय, असे १९२८ साली त्यांना समाजालाच विचारावे लागले होते.

आणि ठाकूरद्वारहून दहा मिनिटे चालत गेले की चर्नी रोडची बाग लागते. शाळा सुटल्यावर भीमराव तिथे वाचत बसायचे, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजीही तिथेच येऊन बसत. गुरुजी पेशाने शिक्षक, धनिक नव्हेत. पण संध्याकाळ त्यांच्या मालकीची होती, म्हणून एक मुलगा रोज एकटा वाचतो हे त्यांच्या नजरेला पडले. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला तोही गुरुजींनीच, आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. महाराजांचा पैसा नसता तर कॉलेज अडले असते, हे खरेच. पण तो पैसा कोणत्या मुलाकडे जायला हवा हे बागेत बसायला वेळ असलेल्या माणसाला कळले. गुरुजी त्या वेळी जादा शिकवणीचे पैसे मोजत बसले असते तर?

फुरसत म्हणजे आळस नव्हे. १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची चिरफाड करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली ती याचसाठी, की माणूस पशूसारख्या राबणुकीतून सुटावा आणि त्याला फुरसत, म्हणजेच संस्कृती, लाभावी. १९४६ साली ते मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकानेच कारखान्यांतले आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काय मंजूर केले? कारखान्यात दिवसाचे नऊऐवजी बारा तास, मोठ्या दुकानांत आणि आस्थापनांत नऊऐवजी दहा. आठवड्याची मर्यादा तीच ठेवली आहे म्हणे. पण विहारातला वर्ग आठवड्याच्या सरासरीवर भरत नाही, तो रोज संध्याकाळी भरतो.

ज्याच्या घरी महिनाअखेर किराणा उधारीवर येतो, त्याने मालकाचे पाच हजार जरूर घ्यावेत. त्याला त्यागाचे प्रवचन देणाऱ्याने आधी आपली पगारचिठ्ठी दाखवावी. आमचे बोलणे आहे ते पोट भरून उरलेल्यांशी. दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी जे रविवारही विकतात आणि जयंतीला बॅनरवर फोटोपुरती देणगी देतात, त्यांच्याशी. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी धोका दिला म्हटले, ते अशांनाच लागू पडते.

आणखी एक गोष्ट पुरुष कार्यकर्त्यांना ऐकायला आवडत नाही. पुरुष चळवळीला जो वेळ देतो, तो बहुधा घरातल्या बाईच्या वेळेतून आलेला असतो. बाबासाहेबांच्या वेळेची किंमत रमाईने मोजली. आज ती किंमत कोण मोजते? दिवसभर नोकरी करून रात्री दहाला भाकरी थापणारी तुमची पत्नी कोणत्या पावतीवर दिसते? ठाकूरद्वारच्या त्या बांधवाने आपली संध्याकाळ जरूर राखावी. मात्र आठवड्यातले दोन दिवस स्वयंपाक त्याने करावा आणि वर्ग तिने घ्यावा. तिचे गणित कदाचित त्याच्यापेक्षा चांगलेही असेल!

जयंती मंडळांना आमची एक सूचना आहे. यंदा पावतीपुस्तके छापाल तेव्हा रुपयांच्या रकान्याशेजारी तासांचा रकाना छापून घ्या. आठवड्याचे तास १६८. त्याचा विसावा हिस्सा ८ तास २४ मिनिटे होतो. एवढे कोणी देणार नाही, तीन द्या. दोन मुलांना इंग्रजी, एका म्हाताऱ्याला बँकेचा फॉर्म, एका पोरीला शिष्यवृत्तीचा अर्ज, इतके त्यात बसते. आणि विहाराची किल्ली कोणाकडे असते, तो कितीला घरी पोचतो, हेही त्याच वहीत लिहून ठेवा.