फळ्यांच्या जमिनीचा जुना रंग



वाळवंटी नदीकाठच्या आपल्या कारापूर-साखळीच्या परिसरात घरांची जमीन एके काळी शेणाने सारवलेली असे. पुढे ती तांबड्या सिमेंटची झाली आणि आता लादीची होत आहे. तथापि काही जुन्या दुमजली घरांच्या माडीवर फळ्यांची जमीन अद्याप टिकून आहे. तिच्यावर निरनिराळ्या पिढ्यांनी तैलरंगाचे थर चढविलेले असतात. नाताळ किंवा लग्नकार्य जवळ आले की त्या पोपडे धरलेल्या रंगाकडे घरधन्याचे लक्ष जाते आणि कोणीतरी सुचवितो, ‘‘घासून काढा, आत सोन्यासारखे लाकूड आहे!’’ सल्ला मोहक खरा. परंतु काचकागद हाती घेण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार अवश्य करावा.

पूर्वीच्या तैलरंगांत शिसे सर्रास वापरले जाई. सफेता आणि शेंदूर हे दोन्ही शिशाचेच प्रकार होत. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. म्हणजे त्यापूर्वीच्या कोणत्याही थरात शिसे असू शकते, आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

रंग फळीला घट्ट चिकटून आहे तोवर धोका थोडा. तो कोरडा घासला की शिशाची सूक्ष्म धूळ घरभर पसरते. मूल जमिनीवर रांगते आणि तेच हात तोंडात घालते. प्रौढांच्या मानाने लहान मुलांचे शरीर चार ते पाच पट शिसे शोषून घेते. त्याने मेंदूच्या वाढीस अपाय होतो आणि ती हानी भरून येत नाही. गर्भवतीच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोहोचते. रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘युनिसेफ’च्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे चिंताजनक प्रमाणात आहे.

यास्तव पहिला प्रश्न असा, की रंग काढणे खरोखर आवश्यक आहे काय? तो शाबूत असेल तर जमीन ओल्या फडक्याने स्वच्छ करून, पृष्ठभाग पाणी लावूनच हलका खरवडून, त्यावर नवा रंग द्यावा. जुना थर खाली बंदिस्त राहतो.

पोपडे सुटलेच असतील तर मुले व गर्भवती स्त्रिया यांना काम संपेपर्यंत अन्यत्र ठेवावे. सामान बाहेर काढावे. पाणी शिंपडून रंग ओलाच खरवडावा. तो ज्वाळेने जाळू नये, कारण त्या धुरातही शिसे असते. नाकातोंडावर बारीक धूळ अडविणारा मुखपट्टा असावा; रुमाल पुरत नाही. केरसुणी मुळीच फिरवू नये, ओल्या फडक्याने पुसावे. खरवड पिशवीत बंद करावी. ती चुलीत, विहिरीजवळ वा कुळागरात टाकू नये. कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

आता लाकडाविषयी. कौले गळत असतील तर आधी ती शाकारावीत, नाहीतर सारा खर्च व्यर्थ. तुळयांची टोके जेथे चिऱ्यांच्या भिंतीत शिरतात तेथे ओल आणि वाळवी प्रथम घर करतात. तेथे ठोकून पाहावे, पोकळ आवाज आल्यास सुतारास दाखवावे. रंधा मारण्यापूर्वी खिळ्यांची डोकी फळीत खोल बसवावीत. फळ्यांमधील बारीक फटी बुजवू नयेत. पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगते, त्यास ती जागा लागते. याच कारणास्तव हे काम पाऊस सरल्यावर, लाकूड सुकले असता, नाताळानंतरच्या कोरड्या दिवसांत करावे.

शेवटी उकळलेले जवसाचे तेल किंवा व्हार्निश पातळ हाताने, रेषांच्या दिशेने, दूरच्या कोपऱ्यापासून दाराकडे लावीत यावे. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेतात; ते पाण्यात भिजवून मगच टाकावेत.

सणापूर्वी घर सजविणे हे कुटुंबाच्या आनंदाचे काम आहे. पण त्या घाईपायी घरातल्या तान्ह्या जिवाच्या पोटात विष जाणार असेल, तर जमीन आणखी एक वर्ष जुन्या रंगाची राहिली म्हणून काही बिघडत नाही. पाहुणा जमिनीकडे क्षणभर पाहतो. मूल तिच्यावर वाढते.