वस्तीचा मंच आणि आपले स्वतःचे गाणे

एप्रिलचा महिना जवळ आला की मुंबईच्या उपनगरांतील आपल्या वस्त्यांतून एक निराळीच लगबग सुरू होते. घाटकोपरला जा, मुलुंडला जा, अंधेरी किंवा बोरिवलीला जा. बुद्धविहारासमोरील मोकळ्या जागेत बांबू पुरले जातात, निळ्या पताका चढतात आणि फळ्या टाकून एक लहानसा मंच उभा राहतो. १४ एप्रिलपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत हा उत्सवकाल चालतो. या मंचाचा आपणांस अभिमान वाटतो व तो वाटणे योग्यच आहे. परंतु या मंचावर उभे कोण राहते, गाते काय आणि गाते ते कोणाचे, या प्रश्नाकडे आपले जावे तितके लक्ष जात नाही. म्हणून आज त्याविषयी स्पष्ट लिहावयाचे आम्ही ठरविले आहे.

चित्र बहुतेक ठिकाणी सारखेच असते. वर्गणी गोळा होते. तिच्यातील मोठा वाटा मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीवर खर्च होतो. उरलेल्या पैशांत मंडप, दिवे व पाहुण्यांचे हारतुरे बसवावे लागतात. वस्तीतच चार तरुणांनी एकत्र येऊन एक गायन पार्टी उभी केलेली असते. एक जण पेटी वाजवितो, दुसरा ढोलकी, तिसऱ्याने हप्त्याने कीबोर्ड घेतलेला असतो, आणि एखादी महाविद्यालयात शिकणारी मुलगी स्वतः गीते रचून गाते. वर्षभर दिवसा नोकरी व रात्री तालीम करून त्यांनी पाच-सात नवी गीते बसविलेली असतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र त्यांच्या वाट्यास प्रमुख पाहुणे येईपर्यंतची पंधरा मिनिटे येतात. त्यांतही खालून चिठ्ठी येते की, "नवे नको, ओळखीचे गा." मुले मुकाट्याने ओळखीचे गातात व खाली उतरतात. वही तशीच पिशवीत राहते.

ही गोष्ट क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. आम्हांस ती तशी वाटत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके स्वतःच्या तोंडाने बोलू दिले गेले नाही, त्याने स्वतःच बांधलेल्या मंचावर स्वतःच्या मुलांना गप्प करावे, यासारखा विरोधाभास दुसरा नाही.

गाण्याचे आपल्या चळवळीवर केवढे ऋण आहे, हे नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी विशेषेकरून जाणून घ्यावे. वृत्तपत्र वाचता येणारी माणसे आपल्यात मोजकीच होती, त्या काळी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत आणि चाळींत पोचविला तो जलशांनी. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले पाहिजे. पुढे त्यांनी स्वतःच 'आंबेडकरी जलसे' या ग्रंथात (१९७८) या कार्याची हकीगत लिहून ठेवली. आपल्या अनेक सभा जे करतात ते एक जलसा करतो, असा बाबासाहेबांचा अभिप्राय होता, ही आठवण जुनी माणसे आजही सांगतात.

या जलसेकारांनी केले काय, हे नीट पाहावे. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता, तो त्यांनी उचलला. परंतु त्यातील माल बदलला. आरंभीच्या गणातील देवस्तुती गेली व तिच्या जागी मुक्तिदात्याला वंदन आले. गवळणीचा शृंगार गेला आणि शाळा, पाणवठा, सावकार, दारू व हक्क यांवरील संवाद आले. ढोलकी तीच राहिली, पण ती निराळ्या कामास लागली. आज ज्याला आपण नवनिर्मिती म्हणतो ती याहून वेगळी काय असते?

वामनदादा कर्डकांचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा मुलगा मुंबईत श्रमाची कामे करीत वाढला, प्रौढपणी अक्षरे गिरवून वाचावयास शिकला आणि १९४३ साली त्याने पहिले गीत रचले. ते एका हिंदी गीताच्या चालीवरील विडंबन होते. तेथेच ते थांबले असते तर त्यांचे नाव आज कोणी घेतले नसते. २००४ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांच्या गीतांनी महाराष्ट्रातील गाव न् गाव व्यापले होते. तेव्हा चित्रपटाची चाल उसनी घेऊन गाणे बांधण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. उसनी चाल ही शिडी आहे. तिच्यावरून वर चढावे. मात्र कोणी जन्मभर शिडीवरच बिऱ्हाड थाटू नये.

उपनगरांतील आपल्या वस्त्यांना तर या परंपरेचा स्वतंत्र वारसा आहे. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करणारे अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहिले. मुलुंडच्या झोपडपट्टीत विलास घोगरे हा शाहीर राहत होता. 'हमारा शहर' या आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या माहितीपटात त्याचा आवाज अनेकांनी ऐकला आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. ते पाहून आलेल्या विलासने चारच दिवसांनी, १५ जुलैला, आपल्या झोपडीत जीवनयात्रा संपविली. त्याच्या जाण्याचे कारण एकच एक सांगता येत नाही व ते सांगण्याचा आम्ही आव आणणार नाही. परंतु हजारांच्या सभा गाण्याने उठविणारा माणूस आपल्या घरात किती एकटा असू शकतो, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. पुढे त्याच्यावरून 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट निघाला व जगभर पाहिला गेला. प्रश्न असा की, गाणारा हयात असताना आपण त्याच्यासाठी काय करतो?

नव्या पिढीच्या वाद्यांविषयीही काहींच्या मनात किंतु आहे. गिटार व ड्रम आले की ते आपले राहिले नाही, असे त्यांना वाटते. पण पेटी तरी कोठून आली? तीही परदेशांतूनच आली आणि आपल्या खांद्याला लागून आपली झाली. मुंबईतच २०११ च्या सुमारास कबीर शाक्य यांनी 'धम्मा विंग्ज' हा वाद्यवृंद उभा करून बुद्ध व बाबासाहेब यांचा विचार रॉक संगीतातून मांडावयास आरंभ केला. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याने आपला पहिला जाहीर कार्यक्रम केला. तेथील वस्त्यांतील 'गाना' हा गायनप्रकार, ज्याला प्रतिष्ठित लोक नाक मुरडीत, तोच त्यांनी मोठ्या मंचावर नेला. दुसऱ्या टोकास कडुबाई खरात यांनी केवळ एकतारीवर गाऊन लाखो लोकांचे हृदय जिंकले. एकतारी असो की गिटार, प्रश्न वाद्याचा नाही. शब्द कोणाचे आणि ते सत्य आहेत की नाहीत, एवढाच आहे.

येथे काही आक्षेपांचा विचार करणे अवश्य आहे. पहिला आक्षेप असा की, धम्मात गीत-वादन वर्ज्य आहे. हा अर्धवट माहितीतून निघालेला समज होय. नृत्य, गीत व वाद्य यांपासून दूर राहण्याचे शील भिक्षूंसाठी आणि उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्या उपासकांसाठी आहे. गृहस्थाच्या पंचशीलात ते नाही. उलट दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणेवर गातो, तेव्हा भगवान बुद्ध त्याच्या तारांचा स्वर गाण्यास आणि गाण्याचा स्वर तारांस झाकीत नाही, अशी त्याची प्रशंसा करतात. आमच्या मंडपांतील ध्वनियोजकांनी हा धडा अवश्य घ्यावा. ढोलकीखाली शब्द बुडाला तर शाहिराचे सारे श्रम वाया गेले.

दुसरा आक्षेप असा की, अनोळखी गाणे लोक ऐकत नाहीत. यात तथ्य आहे. परंतु आज जे ओळखीचे आहे ते एके काळी अनोळखीच होते, हे विसरून कसे चालेल? कोणीतरी ते प्रथम ऐकून घेतले, म्हणून ते ओळखीचे झाले. यावर तोड साधी आहे. आरंभी वंदना, नंतर एक सर्वांच्या मुखातील गीत, मग दोन नवी, पुन्हा एक जुने, असा क्रम ठेवावा. नव्या गीतापूर्वी ते कोणत्या प्रसंगावर रचले हे दोन वाक्यांत सांगावे. ध्रुवपद इतके सोपे असावे की दुसऱ्या आवर्तनाला पोरेसोरेही साथ देतील.

तिसरा आक्षेप पैशांचा. तो तर आम्हांस मुळीच मान्य नाही. पैसा आहे, पण तो भिंतीएवढ्या भोंग्यांवर जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास बंदी आहे. वर्षातील फार तर १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. म्हणजे संध्याकाळचे मोजके तासच आपल्या हाती असतात. ते छाती हादरविणाऱ्या आवाजावर उधळावयाचे की कानांत राहणाऱ्या शब्दांवर, हे आपणच ठरवावयाचे आहे. शेजारच्या घरातील आजारी म्हातारी व परीक्षेला बसलेला मुलगा हेही आपलेच आहेत.

गायन पार्ट्यांनाही आमचे दोन शब्द सांगणे आहे. मंच लहान आहे म्हणून तालीम लहान असू नये. वेळ वीस मिनिटांची असेल तर एकविसाव्या मिनिटाला खाली उतरावे. पुढच्या मंडळींचा वेळ खाणे हे समतेत बसत नाही. गीतात सन व घटना घालताना त्या पारखून घ्याव्या, कारण वस्तीतील मुले इतिहास प्रथम आपल्याच तोंडून शिकतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा गीत रचताना डोळ्यांसमोर ठेवाव्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असे आपण शपथेवर म्हणतो आणि गाण्यात मात्र बाबासाहेबांनाच अवतार करून ठेवतो. चाल भक्तिगीताची उसनी घेतली की तिच्याबरोबर नवस, कृपा व चमत्कार हे शब्दही चोरपावलांनी येतात. स्वतःची चाल बांधण्याचे हे एक मोठे कारण आहे. बाबासाहेबांना देव करणे सोपे आहे. त्यांनी सांगितलेले करणे अवघड आहे. गाण्याने आपणांस त्या अवघडाकडे न्यावे.

आणखी एक गोष्ट हक्काची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीताचा हक्क कवीचा व चालीचा हक्क संगीतकाराचा मानला आहे. तो त्यांच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो, आणि तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी करार लागतो. आपल्या किती कवींची गीते ध्वनिफितींवर विकली गेली आणि त्यांच्या घरी मात्र चूल थंड राहिली, हे जुन्या मंडळींना विचारावे. म्हणून प्रत्येक गीताखाली कवीचे नाव व तारीख लिहून ठेवावी आणि न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याची जुन्या शाहिरांची रीत ही केवळ हौस नव्हती. ती त्यांची मालकीची नोंद होती.

बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत एकदा मुलाबाळांसह जाऊन यावे. तेथील शिलालेखांत कल्याणच्या व सोपाऱ्याच्या साध्या गृहस्थांची नावे आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके दिले, आणि संघाने त्यांची नावे दगडात जपली. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी टाके देणाऱ्याचे नाव टिकते, आणि गेल्या वर्षी आपल्या मंचावर गाणे देणाऱ्या मुलीचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर नसते, हे आम्हांस सलते.

तेव्हा यंदा प्रत्येक वस्तीने एवढे करावे. उत्सवातील एक संपूर्ण संध्याकाळ वस्तीतील गायकांसाठी राखून ठेवावी. त्यांना नवी गीते गाऊ द्यावी. वर्गणीतून ठरलेले मानधन हातावर नव्हे, सर्वांसमक्ष पाकिटात द्यावे. ते थोडे असले तरी चालेल, पण भीक वाटता कामा नये. पत्रिकेवर कवी, गायक व वादक यांची नावे छापावी. विहारात एक वही ठेवून तीत प्रत्येक नवे गीत उतरवून घ्यावे. आणि ज्या मातापित्यांच्या मुली गातात त्यांनी 'लोक काय म्हणतील' हा जुन्या घरातून आणलेला प्रश्न दाराबाहेर ठेवून पुढच्या रांगेत बसावे. आईबाप समोर बसलेले दिसले म्हणजे मुलीचा आवाज कापत नाही.

धम्मदीक्षेने आपणांस नवे नाव व नवी मान दिली. नव्या मानेने जुनीच गाणी, तीही दुसऱ्यांची, गात राहणे शोभत नाही. मंच लहान असो, दिवे मोजके असोत, ऐकणारे पन्नासच असोत. त्यावरून आपल्या मुलांचे स्वतःचे शब्द ऐकू आले तर ती जयंती खऱ्या अर्थाने साजरी झाली असे आम्ही समजू.