एक मार्क गेला त्याची गोष्ट

वैरागला गेलो की भाची वह्या घेऊन समोर बसते. अकरावी सायन्स. या वेळी तोंड पाडूनच आली. चाचणीत तिनं लिहिलं होतं, हायड्रोजन सल्फाइडच्या रेणूंमध्येही हायड्रोजन बंध होतो. लाल फुली! "मामा, सर म्हणले फक्त एफ-ओ-एन. फ्लोरिन, ऑक्सिजन, नायट्रोजन. बाकी कुणी नाही."

सरांवर राग नाही. मीही तेच पाठ केलेलं. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे किप्स अ‍ॅपरेटसमधून येणारा सडक्या अंड्याचा वास, एवढीच आमची ओळख. पाणी 100 अंशाला उकळतं, हा गॅस उणे 60 लाच. म्हणजे बंध नाही, विषय संपला. पाउलिंगसारख्या दिग्गजाचंही मत तेच. बर्फात प्रत्येक रेणूला 4 शेजारी, गोठलेल्या हायड्रोजन सल्फाइडमध्ये 12. नुसती गर्दी, कुणी कुणाचा हात धरलेला नाही.

पण हात धरलाय का नाही, हे बघायचं कसं? पंचमीची फुगडी आठवा. दोघी किती जड, हात किती ताणलेत, यावर फिरणं ठरतं. रेणूंचंही तसंच. आरगॉनमध्ये मिसळलेला गॅस बारीक छिद्रातून निर्वात पेटीत सोडला की तो उणे 270 अंशांच्या आसपास गार होतो आणि एरवी उष्णतेनं सुटणाऱ्या जोड्या टिकतात. त्यांच्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या. फिरणारी जोडी ठरावीक फ्रिक्वेन्सीच घेते, त्यावरून दोघांमधलं अंतर निघतं. हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ, ड्युटेरियम, बसवला की फ्रिक्वेन्सी सरकते आणि कुठला अणू कुठं आहे तेही कळतं.

असं यंत्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. ई. अरुणन यांच्या गटानं उभं केलं. 2018 मध्ये त्यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत छापलं: हायड्रोजन सल्फाइडची जोडी पाण्याच्या जोडीसारखीच, हायड्रोजन बंधानं जोडलेली. त्या निबंधाचे एक लेखक आपल्या पुण्याच्या आयसरमध्ये शिकवतात! बंध कमजोर आहे, हे खरंच. पण कमजोर आहे आणि नाहीच आहे, यात फरक आहे की नाही?

त्याच्याही आधी, 2011 मध्ये, आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं बंधाची व्याख्याच बदलली. त्या गटाचं नेतृत्व अरुणन यांच्याकडेच होतं. नव्या व्याख्येत तीन अणूंची यादी नाही. हायड्रोजनपेक्षा जास्त जोरानं इलेक्ट्रॉन ओढणारा अणू असला की झालं.

आपल्याच देशातल्या माणसाच्या पुढाकारानं व्याख्या बदलते आणि बार्शी तालुक्यात ती पोचत नाही, याचं मला वाईट वाटतं. क्लासवाले एफ-ओ-एन घोकून घेतात, कारण उत्तरसूचीत तेच. पेपर काढणाऱ्यांनी 'फक्त'च्या जागी 'प्रामुख्यानं' लिहायला सुरुवात केली तरी पुष्कळ झालं. त्याला ना निधी लागतो, ना समिती.

भाचीनं विचारलं, "मग बोर्डाला काय लिहू?"

म्हणलं, एफ-ओ-एन लिही. सांगताना तिच्याकडं बघवलं नाही.