खाली न उतरणारा नायक

जयंती जवळ आली की वस्तीच्या तोंडाशी फलक लागतात. बाबासाहेबांचा फोटो कोपऱ्यात, शुभेच्छुकांचे चेहरे मोठे. कुणी ‘युवा नायक’, कुणी ‘ढाण्या वाघ’. पोरांची हौस आहे, असो. पण घरातल्या लहानग्याने ‘नायक म्हणजे कोण?’ असे विचारले, तर त्या फलकाकडे बोट दाखवावे असे आम्हांला वाटत नाही.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा चांगलाच समाचार घेतला होता. थोर माणसाची कसोटीही त्यांनी सांगितली. बुद्धी आणि तळमळ पुरेशी नाही, समाजाचे हित साधण्याची प्रेरणा हवी; अशा माणसाने समाजावर आसूड ओढावा आणि समाजाची घाणही काढावी. घाण काढणाऱ्याची उपमा थोरपणाला! आमच्या किती घरांतल्या आजी-आजोबांनी हातात झाडू धरून शहर साफ ठेवले, हे वाचकांना सांगायला नको.

आता गटारात उतरणाऱ्या माणसाकडे पाहा. आत विषारी वायू साठलेला असतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायूचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, हवा सुटली. तो कोसळतो. त्याला काढायला वरचा सोबती उतरतो, तोही परत येत नाही. एकाच गटारात दोघे-तिघे जातात ते बहुधा असे.

दुसऱ्याच्या धैर्याबद्दल आम्हांला शंका नाही. पण त्याला वीर म्हणून हार घातला की चौकशी तिथेच संपते. कंत्राटदाराने यंत्र का आणले नाही, हे विचारायचे राहून जाते. २२ मार्च २०२० रोजी देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या, पुढे सफाई कामगार ‘करोना योद्धे’ झाले. योद्धा म्हटल्याने हजेरीपुस्तकात नाव चढत नाही आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात पैसाही जमा होत नाही. आम्ही कारकून माणसे, कागद काय बोलतो ते आम्हांला कळते.

आमच्या लेखी नायक तो, जो झाकणापाशी उभा राहून सांगतो, “यंत्र आणा, मी उतरणार नाही.” त्याची त्या दिवसाची हजेरी जाते. दुसऱ्या दिवशी मुकादम त्याला हाक मारत नाही. घरी पोराची फी थकलेली असते. अशा संध्याकाळी जी बायको “बरं केलं तुम्ही” म्हणून भाकरी वाढते, तिचे नाव कुठल्याही फलकावर येत नाही. बाकीचे चौघे लगेच खाली उतरले, तर मात्र त्या एकट्याचा नकार वाया जातो. म्हणून सोबत्यांनी त्याच्या शेजारी उभे राहिले पाहिजे.

ही रीत आपल्याला नवी नाही. १९२७ साली महाडनंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावाने बहिष्कार टाकला, दळण बंद केले. त्यांतल्या बहुतेकांची नावेसुद्धा आज कुणाला ठाऊक नाहीत.

आज निदान कायदा पाठीशी आहे. २०१३ चा कायदा योगायोगाने त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला लागू झाला. सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा मैलाटाकी साफ करायला लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तीस लाख केली.

हे पैसे आपोआप घरी येत नाहीत. वीस-पंचवीस हजार हातावर ठेवून अंगठा घेणारे कंत्राटदार अंत्ययात्रेलाच हजर असतात. भगिनींनो, कोऱ्या कागदावर सही करू नका. पोलिसांच्या नोंदीत नुसते ‘अपघात’ असे लिहू देऊ नका. कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या गटारात उतरला हे लिहून घ्या. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागा. अर्ज लिहायचा असेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात या, आम्ही दहा वाजेपर्यंत तिथेच असतो.